एवढा रविवार होऊ दे

चिठ्ठी : वास कशाचा होता?

पहिल्या रविवारी सगळ्यांचं एकमत झालं, की उंदीर मेला असणार.

चर्चमधली उपासना संपल्यावर चार पुरुषांनी मिळून पायपेटी भिंतीपासून ओढली. पायांनी भाता चालवून वाजवायची ती पेटी, कपाटासारखी जड आणि हट्टी. तिच्या पाठीची फळी सुतारानं स्वतः उघडली. आत धूळ निघाली, तुटका कंगवा निघाला, कधीकाळी हरवलेलं गीताचं एक पान निघालं. उंदीर नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, की एवढे लांब उपदेश ऐकून उंदीर कधीच पळाला असेल. नाकाला रुमाल लावलेली माणसंसुद्धा हसली.

ती पेटी जो वाजवायचा, त्याला सगळे पेटीमास्तर म्हणत. तोही हसला. पण स्टुलावरून उठला नाही.

दुसऱ्या रविवारी फिनेल टाकलं. तिसऱ्या रविवारी सुतार खाली पडलेलं गीतांचं पुस्तक उचलायला पेटीपाशी वाकला आणि त्याला पेटीमास्तरचा डावा बूट अगदी नाकाजवळून दिसला. बुटाला पॉलिश होतं. पायमोजा घोट्याशी ओला होता.

सुतार सरळ झाला. त्यानं पुढचा फुलांचा स्टँड दोन्ही हातांनी उचलला आणि पेटी व पहिला बाक यांच्या मधोमध आणून ठेवला.

म्हणजे त्याला कळलं होतं. हे विसरू नका.

या गोष्टीत जागोजागी ज्या चिठ्ठ्या दिसतील त्या नंतरच्या आहेत. सगळं होऊन गेल्यावर एका खोक्यात पडलेल्या. पण प्रश्न उशिरा विचारला, म्हणून तो उशिराचा होत नाही. जिथे तो विचारायला हवा होता, तिथेच तो चिकटवला आहे.

चिठ्ठी : बरं झालं म्हणजे नेमकं काय झालं?

सुतार हा त्या मंडळीचा, म्हणजे त्या चर्चच्या लोकांचा, वडील. हे तिथलं पदाचं नाव. पाळकसाहेबांकडे चार चर्च होती, ते महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार सुतारच चालवायचा. चर्चमधले सगळे बाक त्याच्या हातचे. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि मंडळीवर जीव. पेटीमास्तर त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

दुसऱ्या गीतानंतर तिथे साक्षीची वेळ असायची. कुणीतरी पुढे यायचं, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, आणि सगळे म्हणायचे, आमेन. कुणाची नोकरी, कुणाची सुटलेली दारू, कुणाचं मूल. दिलेली साक्ष मागे घ्यायची नाही, असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. म्हणूनच तो मोडता येत नव्हता.

पेटीमास्तरला बारा वर्षं मधुमेह होता. सकाळ-संध्याकाळ गोळ्या. आठ महिन्यांपूर्वी मंडळीनं सात दिवसांचा प्रार्थना-सप्ताह ठेवला. आठव्या दिवशी त्यानं रक्त तपासलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा साखर जिथे हवी तिथे आली. तो धावत भावाच्या कारखान्यात गेला. सुतार भुशात उभा राहून रडला. ते रडणं खरं होतं, त्यात खोट काढू नये.

त्या रविवारी सुतारानं भावाला दंडाला धरून पुढे आणलं. पेटीमास्तरनं खिशातून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, की आता ही लागणार नाहीत. आमेन इतक्या जोरात झालं, की खिडकीची काच थरथरली.

प्रार्थनेच्या त्या सात दिवसांत तो गोळ्या घेत होता का, हे कुणी विचारलं नाही.

घेत होता. एकही चुकवली नव्हती.

चिठ्ठी : मोठ्यांना वर्ग कशाला?

त्या आमेनमध्ये एक आवाज नव्हता. चौतीस वर्षं दवाखान्यात परिचारिका म्हणून काढलेल्या बाईंचा. मुलं त्यांना इंजेक्शनबाई म्हणत, आणि मोठी माणसं त्या लांब गेल्या की तेच म्हणत.

सोमवारी सकाळी त्या सुताराच्या कारखान्यात गेल्या. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, रविवारी दुपारी मुलांच्या वर्गाची खोली. दोन, मोठ्या माणसांना बसता येईल असे बाक. मंडळीतल्या मोठ्यांसाठी त्यांना वर्ग चालवायचा होता. पवित्र शास्त्र वाचायचं, आणि ज्याला जो प्रश्न असेल तो विचारायचा: देवाबद्दल, घराबद्दल, शरीराबद्दल.

सुतारानं रंधा थांबवला नाही. तो म्हणाला, की बाई, तुमचं दृढीकरण होऊन तुम्हाला मोठ्यांत घेतलंय ना? पंधराव्या वर्षी सगळी प्रश्नोत्तरं पाठ केलीत ना?

"केली. सगळी ब्याण्णव. आजही झोपेतून उठवून विचारा."

"मग आता आणखी काय शिकायचं राहिलं?"

"पंधराव्या वर्षी शिवलेला कोट तुम्ही आज घालता का?" बाई म्हणाल्या. "मग विश्वास तेवढ्याच मापाचा कसा चालतो? आपली मुलं विचारतात, आणि आपण मोठे झालो की नुसती मान डोलावतो. येशूच्या शिष्यांची वयं काय होती? मिशा फुटलेले बाप्ये होते ते. सारखे प्रश्न विचारायचे, तेही वेड्यासारखे. त्यांना कुणी हाकललं का?"

सुतार हसला. त्या खोलीतले बाक अकरा इंच उंचीचे आहेत, तुम्ही त्यावर बसलात तर गुडघे कानाला लागतील, असं म्हणाला. मग बाईंनी खरा विषय काढला. तुमच्या भावाची तपासणी बरोबर आली ती गोळ्यांमुळे, आणि त्या बंद करू नकोस हे त्याला तुम्हीच सांगायला हवं, कारण तो दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.

तेव्हा कुठे रंधा थांबला.

"देवानं बरं केलं. आता देवानं तुमच्याकडे परीक्षेला बसायचं का?"

"येशूचं शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांत एक वैद्य होता म्हणतात. आधी औषधांची पेटी फेक आणि मग लिहायला बस, असं त्याला कुणी सांगितलं नाही."

सुतारानं रंधा पुन्हा चालवायला घेतला, आणि रंध्याच्या आवाजात बोलता येत नाही.

बाई निघून गेल्या. त्यांना राग आला होता. ऐकायचं नसेल तर बसा म्हणावं, असं स्वतःशी म्हणत त्या गेल्या आणि पुढचे आठ महिने शेवटच्या बाकावर बसल्या. पेटीमास्तरचं घर त्यांच्या घरापासून दोन वळणांवर होतं. त्या दोन वळणांवर त्या एकदाही गेल्या नाहीत.

चिठ्ठी : घरात कुणालाच ठाऊक नव्हतं का?

पेटीमास्तरची बायको शिवणकाम करायची. पडद्यांना पट्ट्या, पॅण्टींना चेन, शाळेचे गणवेश.

भावाच्या कारखान्यात फिरताना पेटीमास्तरच्या बुटाच्या तळात एक बारीक खिळा घुसला होता. मधुमेहानं त्याचे पाय बधिर झालेले. तो त्या खिळ्यावर चार दिवस चालला, आणि त्याच पायानं भाता चालवला. पाचव्या दिवशी बूट काढताना रक्त बायकोला दिसलं. त्याला नाही.

ती म्हणाली, दवाखान्यात चला. तो म्हणाला, तिथे पहिला प्रश्न विचारतील की गोळ्या का सोडल्या. शिवाय तिथे आपल्याच मंडळीतल्या दोघीजणी कामाला आहेत, संध्याकाळपर्यंत घरोघरी होईल. मग तो म्हणाला,

"माझ्या साक्षीवर पाच-सहा घरांनी औषधं सोडलीत. मी आता लंगडत गेलो, तर त्यांनी कुणाकडे बघायचं? आणि दादाला मी काय तोंड दाखवू?"

जखम हिरवी झाली, मग काळी. बायकोनं पायमोजे शिवले. दोन पदरी, मध्ये मेणकापड घातलेले. शिवण इतकी बारीक, की हात फिरवला तरी लागू नये. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात नीट काम असेल.

शेवटी ती घाबरली. कारखान्यात जाऊन दिराला म्हणाली, "दादा, यांच्या पायाला जरा लागलंय."

"जरा" म्हणाली. घरातली माणसं मोठ्या दुखण्याला असंच नाव देतात.

सुतारानं पाय कुठला, किती लागलंय, कधी लागलंय, काहीच विचारलं नाही. यावरून तिलाही कळायला हवं होतं, की याला ठाऊक आहे. फुलांचा स्टँड त्यानं ठेवला त्याला तेव्हा आठवडा उलटून गेला होता. पुढच्या रविवारी बाहेरच्या तीन मंडळ्या भेटीला येणार होत्या. त्यांना पेटीमास्तरची साक्ष ऐकायची होती. पाळकसाहेबही येणार होते. बाकांना नवीन पॉलिश झालं होतं.

सुतार म्हणाला, "एवढा रविवार होऊ दे. सोमवारी मी स्वतः नेतो त्याला."

तो मंगळवार होता.

चिठ्ठी : भाता मध्येच का थांबला?

त्या रविवारी पेटीमास्तरनं साक्ष दिली. बसूनच दिली. चेहरा तापानं लाल होता, आणि बाहेरची मंडळी म्हणाली, किती तेज आहे पाहा.

मग गीत सुरू झालं. तिसऱ्या कडव्यात पेटीचा आवाज बारीक होत होत गेला. बोटं पट्ट्यांवर फिरत होती, पण भात्यात हवा नव्हती. दीडशे माणसं एक ओळ पेटीशिवाय गायली, मग एकेक करून गप्प झाली. त्या शांततेत पट्ट्यांचा नुसता टकटक आवाज येत राहिला. पेटीमास्तरला आवाज बंद झाल्याचं कळलंच नव्हतं.

तो डावीकडे कलला आणि फुलांच्या स्टँडवर पडला.

शेवटच्या बाकावरून बाई धावल्या. बूट निघेना. त्यांनी त्याच्या बायकोकडे हात केला, तिनं पिशवीतून कापडाची कात्री दिली. बाईंनी पायमोजा कापला. एक पदर कापला, आत मेणकापड लागलं. ते कापलं, आत आणखी एक पदर होता. तो कापताना बाईंनी मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

पुढच्या बाकावरची माणसं उठून बाहेर गेली. उंदीर सापडला होता.

दवाखान्यात पाय गुडघ्याच्या वर कापला. विष त्याआधीच रक्तात गेलं होतं. बुधवारी दुपारी पेटीमास्तर शुद्धीवर आला, भावाला ओळखलं, आणि विचारलं, "दादा, मंडळीला काय सांगशील रे?" सुतारानं त्याचा हात धरून ठेवला. पाठ केलेल्या ब्याण्णवांत हा प्रश्न नव्हता.

संध्याकाळी तो गेला.

एक चिठ्ठी कोरी निघाली.

शवपेटी सुतारानं बनवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. भावाची उंची त्याला पाठ होती. लहानपणी दाराच्या चौकटीवर दोघांच्या खुणा तोच करायचा. दोन्ही पायांचं माप धरून पेटी झाली. शव ठेवल्यावर डावीकडे खाली रिकामी जागा राहिली. बायकोनं तिथे एक घडी केलेली चादर ठेवली.

चिठ्ठी : साक्ष मागे घेता येते का?

पुढच्या रविवारी पायपेटी बंद होती. गीतं तशीच म्हटली. साक्षीची वेळ आली आणि कुणी हललं नाही, तेव्हा सुतार स्वतः उठून पुढे गेला. लोकांना वाटलं, भावाच्या विश्वासाबद्दल बोलेल. तसं बोलायची रीतच होती.

"मला दोन आठवडे ठाऊक होतं," तो म्हणाला. "वास कुठून येतो ते. मी फुलं आणून ठेवली. माझ्या भावानं तुमच्यापुढे सांगितलं ते त्यानं खरं मानून सांगितलं. खोटा मी. त्याला मी परत उभं राहून 'दुखतंय' म्हणायला जागा ठेवली नाही. माझ्या बाकांवर ती जागा नाही."

कुणी आमेन म्हटलं नाही.

तो मधल्या वाटेनं शेवटच्या बाकापर्यंत चालत गेला आणि मुलांच्या खोलीची किल्ली त्यानं बाईंच्या हातात दिली.

त्या दुपारी अठरा माणसं आली. अकरा इंची बाकांवर गुडघे कानाला लावून बसली. एक आजोबा बसले ते बसलेच, उठवायला दोघे लागले; तेवढंच काय ते हसू. बाईंनी टेबलावर बुटांचं रिकामं खोकं ठेवलं, त्याच्या झाकणाला फट पाडली, आणि नियम सांगितला. चिठ्ठीवर नाव नको. पहिला अर्धा तास नुसते प्रश्न वाचायचे, उत्तर कुणीही द्यायचं नाही. आपल्याला उत्तरांची फार घाई असते, त्या म्हणाल्या.

त्या एकेक चिठ्ठी काढून वाचू लागल्या. वास कशाचा होता. भाता का थांबला. पेटी आता कोण वाजवणार. मग सहावी चिठ्ठी त्यांनी वाचली, आणि सातवी उघडून थांबल्या. आठवी उघडली. अक्षरं वेगळी होती. एक थरथरतं, एक शाळकरी, एक अगदी वळणदार. मजकूर थोड्या फार फरकानं एकच.

*मी पण गोळ्या सोडल्यात. पुन्हा सुरू केल्या तर देव रागावेल का?*

अशा पाच चिठ्ठ्या होत्या. एक रक्तदाबाची. एक फिट्सची. एकीवर फक्त लिहिलं होतं, छातीत दुखतं.

बाईंनी चष्मा काढून ठेवला.

"नियम मोडला!" त्या म्हणाल्या. "या प्रश्नाला अर्धा तास नाही. देव रागावत नाही. ज्यानं तुम्हाला डोकं दिलं त्यानंच डॉक्टरलाही दिलं. प्रार्थना करा, रोज करा, मीही करते. पण प्रार्थना करताना गोळी गिळायला घसा मोकळा असतो. कुणी आपल्या मनानं सुरू करायच्या नाहीत. आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. ज्यांच्या चिठ्ठ्या आहेत ते उठतील का?"

एकेकाला आठ महिन्यांचं आमेन अंगावरून उतरवायचं होतं. मग वळणदार अक्षराची शाळामास्तरीण उठली. मग आजोबांनी हात वर केला. त्यांना उठवायला दोघे लागतातच. पाच जण झाले.

खोक्यात एक चिठ्ठी उरली होती. बाईंनी उभ्या उभ्याच ती उघडली आणि सवयीनं मोठ्यानं वाचली.

"माझा भाऊ माझ्यामुळे गेला का?"

नाव नव्हतं. पण अक्षर जाड होतं, सुतारकामाच्या चपट्या पेन्सिलीचं, आणि ते भिंतीकडच्या माणसालाही लांबून दिसलं. सुतार बाकाच्या टोकाला मान घालून बसला होता. इतकी वर्षं इतरांना उत्तरं सांगत आलेला माणूस, आणि आता एक "नाही" ऐकायला आला होता.

नियम तर मोडलेलाच होता. कुणीही बोलू शकलं असतं. नाही हो, देवाची मर्जी, असं म्हणायला एका आमेनएवढाच वेळ लागला असता, आणि महिनाभरापूर्वी तसंच म्हटलं गेलं असतं.

"मी दोन वळणांवर राहत होते," बाई म्हणाल्या.

त्याची भावजय त्याच्याकडे न बघता बोलली. "पायमोजे मी शिवले, दादा."

"नाही" कुणीच म्हटलं नाही. त्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा मोठी माणसं एका खऱ्या प्रश्नासमोर पळून न जाता बसली. सुताराला दिलासा मिळाला नाही, आणि तो मिळायलाही नको होता. पण तो एकटाही राहिला नाही. भावजय थोडी सरकली. बाक तेवढा हलला.

मग बाई पाच जणांना घेऊन दवाखान्यात गेल्या. छातीत दुखणाऱ्याला डॉक्टरांनी घरी सोडलं नाही, ठेवून घेतलं. तो आज आहे. फिट्सच्या चिठ्ठीवाली तरुण मुलगी नाही; गोळ्या पुन्हा लागू पडायच्या आधीच तिला मोठी फिट आली. तिला आणखी लवकर पोहोचायला हवं होतं.

आपण वाचणारे म्हणू, आमच्याकडे असं नसतं. नीट बघा. जिथे जिथे मोठ्यांचं शिक्षण एका वयात संपवून टाकतात आणि पुढे फक्त होकार मागतात, तिथे कुठेतरी एक पाय सडतो आहे आणि कुणीतरी त्याच्यासमोर फुलं ठेवतो आहे. लहानांना आपण शिकवतो ते चांगलंच. पण मंडळी चालवतात मोठे, घरं चालवतात मोठे, आणि चुका लपवतातही मोठेच. म्हणून शिकायची जास्त गरज मोठ्यांना आहे. आणि शिकणं म्हणजे आणखी उत्तरं पाठ करणं नाही. माझं चुकलं, मला कळत नाही, मला अजून दुखतं, हे चार माणसांत बोलता येणं, इथून ते सुरू होतं. ज्या विश्वासाला प्रश्न सोसत नाही, त्याला माणसंही सोसत नाहीत.

त्या खोलीत आता नवे बाक आहेत, सतरा इंचांचे. सुतार तिथे शिकवत नाही. बसतो.

साक्षीची वेळ अजून आहे. फक्त साक्ष संपली की लगेच आमेन होत नाही. आधी मंडळी विचारते, आणि आता कसं आहे? पहिले काही महिने सगळे म्हणायचे, छान आहे. मग एका रविवारी एक बाई पुढे उभी होती, गुडघे बरे झाल्याचं मागच्या महिन्यात सांगून गेलेली. मंडळीनं विचारलं. तिनं बंद पायपेटीकडे पाहिलं.

"परत दुखतंय," ती म्हणाली.

पहिल्या बाकावरून सुताराचा आवाज आला. आमेन. मग सगळ्यांचा.